सूपभर कोंडा

वैजीनाथने पेटीतले कपडे एकेक करून बाहेर टाकले, तळाशी अंथरलेले पोते उचलून झटकले, पण धोतर काही सापडेना. जुने धोतर होते ते, धुऊन धुऊन मऊ पडलेले. घरात बाई दोन जिवांची असली की अशा धोतराचा एकच उपयोग असतो, आणि त्यासाठीच त्याने ते स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवले होते. बाळाच्या लंगोटांना इतके चांगले कापड जिंतूरच्या बाजारातही मिळाले नसते.

“आगं, माझं जुनं धोतर कुठंय?”

दैवशाला चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“फाटलं व्हतं. पोतेऱ्याला घेतलं.”

तो उठला आणि कोपऱ्यातल्या गाडग्यातले पोतेरे त्याने दोन बोटांनी उचलून उजेडात धरले. लाल काठ. तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा. त्याने ते परत गाडग्यात सोडले, हात झटकले आणि भाकरीला बसला.

वैजीनाथ शक्की होता हे साऱ्या गावाला ठाऊक होते. बाजारातून नारळ घेतला तर घरी येईपर्यंत तो वाटेत दहादा कानाशी धरून हलवायचा. पण हा शक उगाच नव्हता. दैवशालाला आठवा लागला होता आणि घरात बाळासाठी एक चिंधीही शिवलेली नव्हती. जन्माआधी नवे कापड बेतू नये हे त्यालाही कळत होते, पण जुन्या लुगड्यांची दुपटी, एखादे टोपडे, लहानशी वाकळ एवढे तर कुठल्याही घरात होते. पहिल्या खेपेला, रझाकारांच्या धास्तीने गाव सामान बांधून बसलेले असतानाही, तिने वाकळ पुरी केली होती. दुसऱ्या खेपेला तर टोपडीच चार शिवली होती. दोन्ही खेपांचे कपडे त्या त्या लेकराबरोबर मातीत गेले.

या खेपेला तिच्या हाताला सुई दिसत नव्हती. पाणवठ्यावर कुणी कितवा म्हणून विचारले तर ती पदर पुढे ओढून म्हणायची, “कशाचं काय बाई, वायगोळा हाय.” एवढ्या मोठ्या पोटाला वायगोळा म्हणणारी बाई नवऱ्याला धोतराबद्दल खरे सांगेल, असे मानण्याइतका वैजीनाथ भोळा नव्हता.

त्याने पाळत ठेवली. जिंतूरच्या कचेरीत तो एकदा साक्षीला गेला होता, तिथल्या जमादाराची चाल त्याला फार आवडली होती. आधी विचारायचे नाही, नुसते बघायचे. त्याने बघितले. दैवशाला शेण टाकायला म्हणून गोठ्यामागे जायची आणि परत यायला फार वेळ लावायची. एके दिवशी ती पाण्याला गेलेली असताना तो स्वतः गोठ्यामागे गेला. दोन घरांमधल्या मातीच्या भिंतीचा तिथला कोपरा ढासळलेला होता. वरून बोराटीची फांदी टाकलेली, पण फांदीखालची माती पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. त्या वाटेने रोज कुणीतरी जात होते.

ती भिंत त्याने स्वतः घातली होती. भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ आश्रुबा आणि भावजय झुंबरबाई राहत. वाटणी विहिरीकाठच्या तुकड्यावरून झाली असे गाव समजे, आणि वैजीनाथनेही तो समज मोडला नव्हता. खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. दुसरे लेकरू पाचवी ओलांडून चांगले हातपाय हलवायला लागले होते. झुंबरबाई त्याला बघायला आली, मांडीवर घेऊन बसली, त्याचे तोंड कुरवाळत “किती गोजिरं हाय गं” म्हणाली. तिला स्वतःला लेकरू नव्हते. दुसऱ्या दिवशी बाळाने दूध सोडले, आणि पुढे दिवे लागायच्या आत सगळे संपले. वैजीनाथ भावजयीला एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी कधीच काही बोलला नाही. त्याच दिवाळीला त्याने भिंत घातली.

आता त्या भिंतीला भोक होते, त्याचे धोतर नाहीसे झाले होते आणि बायको खोटे बोलत होती.

पारावर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. हैदराबादचे राज्य मोडणार, त्याचे तीन तुकडे होणार, आपला तुकडा मुंबईला लागणार. मुंजाजी तावातावाने हात हलवून सांगत होता. वैजीनाथचे लक्ष नाही हे बघून तो त्याच्याजवळ सरकला.

“वैजूभाऊ, येक बोलू का? तुमची भावजय घरोघर चिंध्या मागत हिंडायलीय. मायच्यानं. माझ्या घरी बी आल्ती.”

“चिंध्या? कामून?”

“आता कामून ते तुमीच समजा. वांझोट्या बाईला चिंध्या कामून लागतेत?” मुंजाजीने आवाज खाली आणला. “आन् तुमच्या घरात तर आठवा चालू हाय.”

बाईच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा आणि तिच्या नवऱ्याचे धोतर एका हाती लागले की काय काय करणी करता येते, हे वैजीनाथने लहानपणापासून ऐकले होते. तो पारावरून उठला. घरी जाताना त्याने कडेच्या कुडाची एक काठी ओढून घेतली. काठीचे काय करायचे हे त्याने ठरवले नव्हते, पण रिकाम्या हाताने जायला त्याला भीती वाटत होती.

घरात दैवशाला नव्हती. तो गोठ्यामागे गेला, बोराटीची फांदी बाजूला केली आणि भिंत घातल्यापासून पहिल्यांदा भावाच्या अंगणात उतरला. आश्रुबा रानात होता. मागच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. वैजीनाथने काठीनेच दार ढकलले.

खोली ताजी सारवलेली होती. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिलेला. कोपऱ्यात बाज, तिचे सुंभ नुकतेच ओढून घट्ट केलेले. देवळीत वेखंड आणि तेलाची बाटली, तिच्या खाली शेगडीसाठी गोळा केलेल्या गोवऱ्या रचलेल्या. आढ्याला एक हिरवी झोळी टांगलेली होती. ते लुगडे त्याने ओळखले. झुंबरबाई लग्नात ते नेसली होती आणि वैजीनाथ तेव्हा करवल्यांच्या मागे उसाचे कांडे खात उभा होता. झोळीखाली लंगोटांची थप्पी होती, आणि त्यातला प्रत्येक लंगोट त्याच्या धोतराचा होता.

झुंबरबाई जमिनीवर बसून शिवत होती. तिच्या मांडीवर एक झबले होते, सतरा रंगांचे, कुठे खणाचा तुकडा, कुठे मळखाऊ छिटाचा, कुठे कुणाच्या फेट्याचा. शेजारी त्याची बायको सुईत दोरा ओवत होती. दोघींनी वर बघितले. झुंबरबाईचे लक्ष काठीकडे गेले आणि तिने हातातले झबले हळूच पाठीमागे घेतले.

“हे काय चाललंय?” वैजीनाथने बायकोला विचारले.

“काय न्हाई. आक्काच्या लेकराचे कपडे शिवायलोत.”

“कोनाच्या?”

दैवशाला भिंतीला धरून उठली. उठताना तिला धाप लागली.

“वरडू नगा. मी नीट सांगते. माझं काईच न्हाई. माझ्या पोटात बी काई न्हाई आन् माझ्या घरात बी काई न्हाई. जे हाय ते आक्काचं हाय.” मग तिने आवाज इतका खाली आणला, की वाऱ्यानेही ऐकू नये. “सटवाईचं माझ्यावर ध्यान हाय. मी आई झाले की ती येती. दोन डाव आली. म्हनून या डावाला मी आई व्हायचंच न्हाई. लेकरू हितं जन्मंल, आक्काच्या खोलीत, आक्काच्या कपड्यात. ज्यांचे समदे लेकरं जगले त्यांच्या घरच्या चिंध्या आनल्यात त्यांनी. बाराव्या दिवशी सूपभर कोंडा द्यायचा आन् इकत घ्यायचं. इकतचं लेकरू तिला नगं आसतंय.”

वैजीनाथला हे नवे नव्हते. गावात कोंडाजी नावाची दोन माणसे होती आणि दोघांच्याही नावामागे हीच हकीकत होती. पण ते दुसऱ्यांच्या घरचे होते.

“मला कामून न्हाई सांगितलं?”

“तुमी येऊ देलं असतं का हितं?”

झुंबरबाई खाली बघत होती. दैवशाला म्हणाली, “चिंध्या मागायला गेल्या तर लोकांनी तोंडावर दारं लावले त्यांच्या. आपल्या लेकराचं नशीब जाईल म्हनून. पारूबाईनं दिला तुकडा, पर दुरून फेकला. तरी हिंडल्या.”

वैजीनाथने काठी दाराबाहेर टेकवली आणि आलेल्या वाटेने परत गेला. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण शक्की माणसाची लाज फार दिवस टिकत नाही. रात्रीचे जेवण होईपर्यंत त्याच्या मनात दुसरी पाल चुकचुकली होती. लोकांनी तोंडावर दारे लावली तरी ही बाई हिंडली. कशासाठी? दुसऱ्याच्या लेकरासाठी कुणी आपले लग्नातले लुगडे आढ्याला टांगते काय? तिला कूस नाही, भावाला वारस नाही, विहिरीकाठचा तुकडा त्यांच्याकडे. आणि बाराव्या दिवशी ती कोंड्याचे सूप परत सारून म्हणाली, “मी न्हाई देत,” तर?

दुसऱ्या दिवशी त्याने मुंजाजीला आडून आडून विचारले. मुंजाजीला आडून विचारलेले फार लवकर कळायचे.

“चार मानसांत मांडीवर देलं की दत्तक झालं, भाऊ. मंग कचेरी बी काई करीत न्हाई. आमच्या मावशीच्या गावात झालंय आसं.”

वैजीनाथने हे बायकोपाशी काढले. ती झाडत होती, झाडतच राहिली.

“देतील आक्का. कोंड्याला कोन न्हाई म्हनतंय?”

“लेकराला म्हनंल ना.”

“तुमी लय इचार करायलाव,” ती म्हणाली आणि केर बाहेर टाकायला गेली.

कळा सुरू झाल्या तेव्हा दैवशाला स्वतःच्या पायांनी भिंतीतल्या वाटेने पलीकडे गेली. सुईण बायनाबाई आधीच येऊन बसली होती. वैजीनाथ अलीकडे गोठ्यात म्हशीजवळ बसून राहिला. त्याला पलीकडे जायची परवानगी नव्हती. बाप गेला तर सगळ्या सोंगावर पाणी पडेल, असे बायनाबाईने बजावले होते. संध्याकाळी पलीकडे थाळी वाजली. मग आश्रुबा बोराटीच्या फांदीजवळ आला. तो मुळातच कमी बोलणारा माणूस.

“मुलगा झालाय,” तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत पुढे म्हणाला, “मला.”

सोंगातले वाक्य होते ते. पण ते म्हणताना भावाच्या चेहऱ्यावर जे पसरले ते सोंग नव्हते, आणि वैजीनाथने ते नीट टिपून ठेवले.

पुढचे दिवस त्याने भिंतीला कान लावून काढले. शेकशेगडीचा धूर इकडे यायचा. ओव्याचा, बाळंतशोपेचा वास यायचा. अंघोळीच्या वेळी पोराचे रडणे ऐकू यायचे, दणदणीत. आणि सारखा झुंबरबाईचा आवाज. ती बाळाशी बोलायची, हसायची, पाळण्याचे गाणे म्हणायची. हसताना तिचा आवाज इतका वर जातो हे वैजीनाथ विसरूनच गेला होता. दैवशालाचा आवाज मात्र कधी ऐकू आला नाही. बायनाबाईने सांगितले की ती बाळाला पाजते, पण पाजताना भिंतीकडे तोंड करून बसते, कुणी परक्याचे लेकरू अंगावर घेतल्यासारखी. पाचवीची पूजा झुंबरबाईच्या नावाने झाली. त्या रात्री वैजीनाथने पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलला. पाचवी गेली, दुसऱ्या लेकराने दूध सोडले तो दिवस गेला, आणि पोर रडतच राहिले. तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, आणि त्याच जिवाने तो भावजयीवर अधिकच डोळा ठेवू लागला. जगलेले लेकरू कोण परत देते?

बाराव्या दिवशी त्याने सगळा बंदोबस्त केला. सूप नवे आणले. कोंडा स्वतः चाळून, शिगोशीग भरला. पारूबाईला मुद्दाम बोलावून घेतले, कारण तिचे तोंड गावात चालायचे. मुंजाजीला अंगणात उभे केले. “कोंडा घेतला, लेकरू देलं, आसं तिनं समद्यांम्होरं म्हनलं पायजे,” असे त्याला पढवून ठेवले. भावजय रडली तर काय म्हणायचे, भाऊ आडवा आला तर काय म्हणायचे, हेही वैजीनाथने मनाशी घोकले होते. सूप दोन्ही हातांत धरून तो पुढच्या दाराने, उजळ माथ्याने भावाच्या घरात शिरला.

खोलीच्या दारात त्याचे पाऊल थबकले. आढ्याला झोळी नव्हती. हिरवे लुगडे घडी होऊन गाठोड्यावर ठेवले होते आणि गाठोड्यात सगळे होते, लंगोट, दुपटी, टोपडी, वाकळ, वेखंडाचे कांडेसुद्धा. खोली पहिल्यासारखी रिकामी केलेली. मधोमध झुंबरबाई उभी होती. तिने बाळाला न्हाऊ घालून, काजळ घालून ते सतरा रंगांचे झबले घातले होते. कुणी काही म्हणायच्या आत ती पुढे आली.

“कोंडा घेतला, लेकरू देलं,” ती ठणठणीत आवाजात म्हणाली. मग बायकांना ऐकू न जाईल असे, “भावजी, गाठुडं बी न्या. रातच्याला त्याला डाव्या कुशीवर घ्या म्हनावं, तसंच झोपतंय ते.”

वैजीनाथने घोकलेले सगळे तोंडातच राहिले. पारूबाईने त्याच्या हातातले सूप हलवून “देवा की वो म्होरं” म्हटले, तरी तो तसाच. झुंबरबाईने क्षणभर वाट बघितली, मग वळून बाळ बाजेवर बसलेल्या दैवशालापुढे धरले.

दैवशालाने हात पुढे केले नाहीत.

“घे की गं,” बायनाबाई म्हणाली.

दैवशालाचे हात पदराखाली होते आणि ती ते तिथेच दाबून धरत होती. तिने बाळाकडे बघितले नाही. ती दाराबाहेर बघत होती, अंगणापलीकडच्या भिंतीकडे, भिंतीपलीकडच्या आपल्या घराकडे. तिचे पाय हळूहळू बाजेवर वर आले. ती भिंतीला टेकली आणि आणखी मागे सरकायला जागा नव्हती तरी सरकत राहिली. बाराव्या दिवसाचे तिनेच ठरवले होते, चिंधीन् चिंधी तिनेच जुळवून आणली होती. पण आई व्हायची वेळ समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला तेवढेच जमत नव्हते.

“दैवशाला,” झुंबरबाई हळू म्हणाली, “मी देलं ना. मनापासून देलं. घे.”

दैवशालाने मान हलवली. नाही.

अंगणातून मुंजाजीने खाकरून आपण आहोत हे कळवले. झुंबरबाईचे हात अवघडले होते, ती तशीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. आता बोल आपल्यावरच येणार, अशी जुनी, ओळखीची भीती. वैजीनाथने ती बघितली. तीच भीती घेऊन ती या भिंतीआड इतकी वर्षे राहिली होती आणि ती त्याने दिली होती. त्याने बायकोकडे बघितले. बाळ कुरकुरले, मग हात झाडून रडायला लागले.

वैजीनाथ वळला. भरलेले सूप घेऊन तो अंगण ओलांडून भावाच्या म्हशीपाशी गेला आणि सगळा कोंडा त्याने गव्हाणीत उपडा केला. मुंजाजी बघतच राहिला. रिकामे सूप काखेत मारून वैजीनाथ परत आला आणि दारातच थांबला. उंबरा त्याने ओलांडला नाही. गावाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात तो म्हणाला,

“वयनी, आमाला न्हाई घ्यायचं. तुमचं पोरगं रडायलंय, झोळी बांधा.”

झुंबरबाईला काही समजेना. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग दैवशालाकडे. दैवशाला भिंतीपासून सुटी झाली. तिने पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि पुढे केले.

“आना इकडं, आक्का,” ती म्हणाली. “भुकेजलं आसंल तुमचं लेकरू.”